एक इकडे, एक तिकडे

काटोल
११ जानेवारी १९८३

चंद्रभान

रामराम. पत्र पाहून म्हणशील रुपरावले काम पडलं म्हणून आतेभाऊ आठवला. पडलंच आहे गा काम.

आपले जवाई मस्कतहून सुटीवर आले होते. येताना गाणं वाजवायचं मशीन घेऊन आले. दिसायले लय देखणं. पुढून बटणंच बटणं. पण आवाज निंगाची पेटी त्याच्यात नाही. ती येगळी घ्यावी लागते म्हणे. तिकडून आणली असती तर विमानात वजन झालं असतं. म्हणजे बैल पाठवला अन् पाय काटोललेच लावून घ्या म्हटलं.

जायच्या आधी त्याईनं गोपिकाच्या मंडळाचं भजन त्याच्यात भरून घेतलं. दोन माईक लावले. एक गोपिकापुढं. एक आपल्या धाकट्या बाबनच्या बायकोपुढं म्हणजे सुभद्रापुढं. मंग कानाले त्या दोन वाट्या लावून जवायानं आयकलं अन् म्हणे सासूबाई तुम्ही तर अशा म्हणून राहिल्या का मस्कतले आयकू जाईन. तवापासून गोपिकाले दम नाही. पण कानाच्या वाट्या जवाई सोबतच घेऊन गेले. आता तिचा आवाज मशीनमधे बंद आहे अन् ती रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

तुले माहीत आहे रामनवमीले मंडळ रामटेकच्या गडावर भजनाले जाते. अठरा वर्षांपासून सुरुवात गोपिका करते. यंदा बायकाईनं ठरवलं का आधी हे भरलेलं भजन सगळ्याईनं मिळून आयकायचं अन् मंग सुरुवात कोण करंन ते ठरवायचं. हे कोणाच्या डोक्यातून निंगालं ते विचारू नको. डोकं घरातलंच आहे.

तवा बर्डीच्या बाजारात जाऊन लहान पेट्या पाह्य. लहान म्हणजे लहानच. समोरच्या खोलीतलं टेबल तू पाह्यलं आहे. त्याच्यावर देवाचा फोटो अन् पंखा अन् आता हे मशीन. बाजूले वीत वीत जागा उरते. अडीचशेच्या वर जाऊ नको.

तुझा
रुपराव


नागपूर
१८ जानेवारी १९८३

प्रिय रुपराव,

रामराम. तुझ्या पत्रात नेहमीप्रमाणे एकही स्वल्पविराम नाही. काटोलला संत्री पिकतात, स्वल्पविराम पिकत नाहीत, हे मी आता मान्य केलं आहे. पण दिवसभर छापखान्यात बसून लोकांची प्रुफं तपासणाऱ्या माणसाला असं पत्र पाठवणं म्हणजे न्हाव्याच्या घरी दाढी वाढवून जेवायला जाण्यासारखं आहे.

बर्डीवर जाऊन आलो. पहिल्या दुकानात शिरलो तर दुकान हलत होतं. मी म्हटलं, लहान टेबलावर मावतील अशा लहान पेट्या पाहिजेत. मालकानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी हत्तीच्या बाजारात कोंबडी मागायला आलो. मग कपाटाएवढी पेटी दाखवून म्हणाला, "भाईसाब, बास देखो, बास!" बास म्हणजे काय ते तुला सांगून ठेवतो. गाणं सुरू झालं की कुणीतरी आपल्या पोटात वरण घोटतं आहे असं वाटतं, तो बास. मी विचारलं, आणि गाणारी बाई कुठे आहे? "वो भी है, ध्यान से सुनो." एवढ्या किमतीच्या पेटीत गाणारी बाई ध्यान देऊन शोधावी लागत असेल, तर ती पेटी वाजते कुणासाठी? पण तीन गिऱ्हाइकं छातीवर हात ठेवून बास पाहत होती. पाहत होती, ऐकत नव्हती. आपल्या शहरात आवाज ही पाहण्याची वस्तू झाली आहे. बैठकीत ठेवतात आणि पाहुण्याला किंमत सांगतात.

दुसऱ्या दुकानात टाय लावलेला विक्रेता. "ये बुकशेल्फ मॉडेल है, सर." म्हणजे पुस्तकांच्या फळीवर ठेवायची पेटी. मी विचारलं, ही घेणाऱ्यांपैकी किती जणांकडे पुस्तकांची फळी असते? म्हणाला, "शेल्फ भी हम देते हैं, सर." पुस्तकं तेवढी गिऱ्हाइकानं आणायची. धरमपेठेतल्या एका वकीलसाहेबांनी अशा चार नेल्या म्हणे. मी त्यांना ओळखतो. त्यांच्या घरी एकटे तेच बोलतात आणि बाकीचे भिंतीला टेकून बसतात. चार पेट्यांतूनही तेच बोलणार असतील तर त्या घराची मला दया येते.

शेवटी इतवारीत गेलो. तिथे गल्लीत आनंदराव नावाचा माणूस प्लायवूडचे खोके स्वतः ठोकून त्यात स्पीकर बसवतो. खोका वीतभर उंच, भिंतीला पाठ लावून ठेवला तरी चालतो, पुढे तपकिरी जाळीचं कापड. लग्नाच्या मांडवासारखी झगमग नाही. मी म्हटलं, गाणं नको, बातम्या लावा. बातम्या देणारा माणूस माणसासारखा बोलला. मला तेवढं पुरे. बर्डीवर बातम्या लावायला सांगितल्या असत्या तर मला गावंढळ म्हणून बाहेर काढलं असतं.

एक गोष्ट मात्र खटकली. आनंदराव म्हणतो, जोडीच घ्या. गाणं एक, गळा एक, आणि पेट्या दोन? उद्या चष्मेवाला म्हणेल, काचा दोन आहेत तर नाकंही दोन आणा. मला हा सगळ्या दुकानदारांचा मिळून केलेला कट वाटतो. तुझ्या पैशात जोडी जेमतेम बसते. एक घेऊ की दोन, ते कळव.

वहिनींना सांग, आवाज जपून ठेवा. पेटी निघाली आहे.

तुझा,
चंद्रभान


काटोल
२५ जानेवारी १९८३

चंद्रभान

रामराम. आनंदरावचीच घे. दुकान हलवणारी आपल्याले नको. आपलं घर आधीच हलते.

जवायानं जाताना बजावलं होतं का पेट्या दोन पाहिजे. तवा दोन घे. एक इकडे एक तिकडे. तुले कळतेच.

आपल्या ट्रकवरचा लहानू मंगळवारी नागपूरले येऊन राहिला. त्याच्या हाती पैसे अन् संत्र्याची पेटी देतो. आंबिया बहाराची शेवटची आहे पण गोड आहे. सामान त्याच्याच हाती दे.

गोपिकानं टेबलावरचा पंखा आतापासूनच खाली ठेवला. आता उन्हाळा आला तरी चालंन म्हणते.

रुपराव


नागपूर
३ फेब्रुवारी १९८३

प्रिय रुपराव,

रामराम. काम झालं. तुझी पेटी लहानूच्या हाती दिली आणि माझी ठेवून घेतली. तुझ्या शब्दाबाहेर गेलो नाही.

आनंदराव जोडी फोडू नका म्हणून पार गल्लीच्या तोंडापर्यंत मागे आला. मी त्याला सांगितलं, गृहस्था, आमच्या घराण्यात जोड्या फोडण्यासाठीच घेतात. त्याला काय कळणार? तुला आणि मलाच कळायचं.

खरं सांगू? "एक इकडे एक तिकडे" हे तुझं वाक्य वाचलं आणि मी हातातलं प्रूफ खाली ठेवलं. आबाजी आठवले. तुझे आजोबा ते माझ्या आईचे वडील. उमरेडच्या बाजारातून काही आणायचं तर जोडीनं आणायचे. दोन घोंगड्या, दोन समया, दोन अडकित्ते. एक मुलाच्या घरी, एक मुलीच्या घरी. "एक इकडे, एक तिकडे," म्हणायचे आणि उपरण्यानं तोंड पुसायचे. त्यांच्यामागे ही रीत कुणी पाळली नाही. तुझ्या वडिलांच्या काळात तर सगळं इकडेच राहिलं, तिकडे आलेलं मी पाहिलं नाही. तू पाळलीस. मला वाटत होतं, अडत्यांच्या संगतीत राहून तू फक्त तराजूची दांडी पाहायला शिकलास.

पेटी टेबलावर डाव्या अंगाला ठेवली आहे. माझं टेबल तुझ्याहून लहान. प्रुफं ठेवली की कोपराला जागा उरत नसे. आता कोपर मांडीवर असतं. आमच्या सौ. चंद्रकलेनं पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला, वर पितळी फुलदाणी ठेवली, आणि आल्यागेल्याला सांगते, "काटोलच्या भाऊजींनी पाठवली." शेजारच्या बापूजींना तर अशी गोडी लागली आहे की सकाळ-संध्याकाळ येतात आणि स्वतःच्या घरचं काही आवडत नाही म्हणतात. फुकटचं सगळ्यांनाच गोड लागतं.

तुझा,
चंद्रभान


काटोल
१९ फेब्रुवारी १९८३

चंद्रभान

रामराम. पेटी पोचली. मशीनच्या मागं जोडली. वाजून राहिली. तू जोडी काहून फोडली ते मी समजलो. तोंडानं बोलला नाही हा तुझा मोठेपणा. मी बी विचारत नाही.

तिकडच्या पेटीवर चंद्रकलानं रुमाल घातला हे आयकून गोपिका पोट धरून हासली. फुलदाणी काहून ठेवली गा? पेटीले हवा लागू दे. आतलं एखादं नासलं तर लवकर काढून टाक. बाकीच्याले लागते. बापूजीले रोज रोज देऊ नको. पोट बिघडंन.

आता दुसरं सांगतो. रविवारी मंडळ जमलं. मशीन लावलं. सुभद्राचा आवाज असा आला जशी समोर बसून म्हणून राहिली. ढोलकी आली. झांजा आल्या. गोपिका आली नाही. म्हणजे आहे पण कोठी तरी विहिरीच्या तळाशी बसून म्हणल्यासारखी. कॅसेट पुन्हा मांगं नेली. पुन्हा लावली. तेच. बायका एकमेकीकडे पाहून राहिल्या. रंभाबाई म्हणे मशीन खोटं कसं बोलंन वं? अन् सुभद्रानं गोपिकाच्या पाठीवर हात ठेवला. म्हणे वैनी वय होते. यंदा तुम्ही टाळ धरा. सुरुवात मी करीन.

टोमणा मारला असता तर गोपिकानं परत केला असता. पाठीवरच्या हाताचं काय करावं ते तिले समजलं नाही. उठून सगळ्याईले चहा देल्ला.

तवापासून सकाळचा सडा टाकताना म्हणायची ते बंद. भाकरी थापताना गुणगुणायची ते बी बंद. मले विचारते आवाज असा आपल्याले न सांगता जाते का हो? मले काय माहीत. तू शिकलेला आहे. सांग.

रुपराव


नागपूर
२८ फेब्रुवारी १९८३

प्रिय रुपराव,

रामराम. मोठेपणा कसला? इतवारीच्या दोन खेपा झाल्या, तेवढंच. पेटीला हवा लागावी म्हणून फुलदाणी बाजूला केली होती, चंद्रकलेनं पुन्हा ठेवली. आत नासण्यासारखं काही नाही, आनंदरावचं काम पक्कं आहे. बापूजींचं पोट कशानं बिघडेल ते मात्र कळलं नाही. कान बिघडतील म्हणायचं असेल. अरे हो, संत्र्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. गोड होती.

आता वहिनींचं. तू विचारलंस म्हणून सांगतो, मागाहून तोंड वाकडं करू नको. मी ती पेटी कान लावून तपासली आहे. बातम्या देणाऱ्यानं गिळलेला आवंढासुद्धा ती लपवत नाही. तेव्हा दोष पेटीचा नाही. अठरा वर्षं मंडळानं वहिनींना ऐकलं ते नात्यानं, शेजारधर्मानं आणि शेवटी मिळणाऱ्या प्रसादावर लक्ष ठेवून. यंत्रानं त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. यंत्र कुणाचा दीर नाही, कुणाची जाऊ नाही. त्याला भीड नसते.

माणसाला आपला आवाज आहे त्याहून मोठा वाटतो. छापखान्यात असे कवी रोज येतात. आपलीच कविता आपणच डोळे मिटून म्हणतात, आणि प्रुफावर माझ्या चार खुणा दिसल्या की घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करतात. मी त्यांना सांगतो, खुणा मी केल्या, चुका मी केल्या नाहीत. वहिनींनाही तेच सांग. टाळ धरण्यात कमीपणा काही नाही. मंडळात सगळ्यांनाच सुरुवात करायची असते म्हणून तर आपल्याकडची भजनं संपत नाहीत.

तोवर कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या कराव्यात. ज्येष्ठमध चघळावा.

तुझा,
चंद्रभान


काटोल
९ मार्च १९८३

चंद्रभान

रामराम. तुझं पत्र आलं तवा माहा चष्मा सापडत नव्हता. गोपिकानं वाचून दाखवलं. थांब म्हटलं तरी थांबली नाही. गुळण्यापर्यंत सगळं वाचलं. मंग घडी करून माह्या हाती देल्लं.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीन पोत्यात बांधलं. इकून टाका म्हणते. जवायाले काय सांगू ते मी पाहीन.

सोमवारी संत्रा मार्केटले माल घेऊन येऊन राहिलो. मशीन अन् पेटी तुझ्या घरी ठेवतो. आनंदराव घेते का विचार. तू नसला तर चंद्रकलाजवळ देतो.

संत्र्याचे आभार तू दोनदा मानले. शहरात तशी रीत असंन.

रुपराव


नागपूर
१५ मार्च १९८३

श्री. रुपराव यांस,

रामराम मुद्दाम लिहीत नाही.

काल छापखान्यातून घरी आलो. टेबलावर फुलदाणी होती. रुमाल घडी करून ठेवलेला होता. रेडिओला जोडलेली पेटी नव्हती. तुम्ही ठेवायला आणलेलं मशीन आणि तुमची पेटी, तीही नव्हती. चंद्रकलेला विचारलं. म्हणाली, "भाऊजी आले. पोतं खाली ठेवलं अन् टेबलाकडं पाहून असे उभे राहिले जसं कोणी मेलेलं माणूस दिसलं. मी चहा कराले आत गेली. बाहेर कोणी बाई मोकळ्या गळ्यानं भजन म्हणून राहिली होती, मले वाटलं बापूजीकडचा रेडिओ असंन. चहा घेऊन आली तर भाऊजी सगळं पोत्यात भरून पायरी उतरून राहिले होते." मी म्हटलं, तू अडवलं नाहीस? तर मलाच म्हणते, "काहून अडवू? त्याईचेच डोळे भरले होते."

भरणारच. लाज वाटली असेल.

दिलेली वस्तू परत नेणारी माणसं मी पाहिली आहेत. लग्नात दिलेलं पातेलं बारशाला परत मागणारी मावशीही आपल्याच नात्यात होती. पण तीही मागून नेत असे, आणि चहा पिऊन जात असे. घरी कुणी नसताना रुमाल बाजूला सारून नेणारे तुम्ही पहिलेच. बापूजींनी विचारलं, पेटी कुठे गेली? मी सांगितलं, दुरुस्तीला. तुमच्यासाठी मला खोटं बोलावं लागलं.

आबाजींचा अडकित्ता अजून माझ्याकडे आहे. तोही न्यायचा असेल तर कळवावं. सुपारीसकट पाठवतो.

चंद्रभान


काटोल
१९ मार्च १९८३

चंद्रभान

रामराम. मी तरी लिहितो.

तुले पेटी कवा देल्ली होती गा?

मी लिहिलं दोन घे एक इकडे एक तिकडे. टेबलाच्या इकडे एक अन् टेबलाच्या तिकडे एक. मधात मशीन. तू एक काटोलले केली अन् एक नागपूरले. मले वाटलं पैशात एकच बसली अन् तू सांगायले लाजला. तू आबाजीची रीत काढून आभार मानले मले वाटलं संत्र्याचे. रुमाल घातला तवा बी मले वाटलं संत्र्यावर घातला. शहरातल्या लोकाईचं काय सांगावं.

सोमवारी तुझ्या खोलीत पाय ठेवला तर टेबलावर माह्या पेटीची जुळी बहीण बसलेली. पोतं सोडलं. दोन्ही जोडल्या. चंद्रभान एका पेटीतून सुभद्रापुढचा माईक निंगते अन् दुसरीतून गोपिकापुढचा. माही बायको तुझ्या टेबलावर फुलदाणीखाली बसली होती. अन् तू तिले गुळण्या सांगून राहिला होता.

चंद्रकलाले सांग चहाचा राग धरू नको. त्या खोलीत मले उभं राहवलं नाही.

आबाजीचा शब्द मी भलत्या जागी वापरला. तेवढी चूक माही. बाकीची तू पाह्य.

गोपिकाले अजून काहीच सांगतलं नाही. पोतं बांधलेलंच आहे. रामनवमी आली. यंत्राले भीड नसते हे तिले तू लिहिलं होतं. तवा हे बी तूच लिही.

रुपराव


नागपूर
२४ मार्च १९८३

सौ. गोपिकावहिनींस,

रामराम.

आपले यजमान पत्र लिहिताना शब्द वाचवतात. त्यांच्या २५ जानेवारीच्या पत्रात "टेबलाच्या" हा शब्द गळला आहे. एकदा नव्हे, दोनदा. छापखान्यात अशी गळ दिसली की मुद्रितशोधकानं समासात खूण करून विचारायचं असतं, इथे काही राहिलं आहे का? मी विचारलं नाही. ते वाक्य मला तसंच आवडलं.

पोत्यात बांधलेल्या दोन्ही पेट्या सोडाव्यात. एक टेबलाच्या इकडे, एक टेबलाच्या तिकडे ठेवावी. तारा उलटसुलट झाल्या तरी चालेल; फक्त एकही पेटी नागपूरला पाठवू नये. तुमचा आवाज जिथे होता तिथेच आहे. मधल्या काळात तो माझ्याकडे होता आणि त्याच्यावर फुलदाणी होती. चंद्रकलेनं त्यात शेवंती ठेवली होती, हे सांगून काही उपयोग नाही, पण सांगतो.

यंत्राला भीड नसते असं मी लिहिलं होतं. त्यापुढे एक ओळ राहिली: त्याला अक्कलही नसते, ती लावून देणाऱ्याजवळ असावी लागते.

गुळण्यांचा परिच्छेद रद्द समजावा.

मंडळाला बोलावून पुन्हा ऐकवावं. रंभाबाईंना पुढे बसवावं.

आपला,
चंद्रभान


काटोल
२८ एप्रिल १९८३

चंद्रभान भाऊजीले गोपिकाचा रामराम.

तुमचं पत्र मीच वाचलं. तुम्ही माफी मागतली का नाही ते शोधाले दोनदा वाचलं. नाही सापडली. समासात असंन.

मंडळ मी बोलावलं नाही. पेट्या मांडल्या, मशीन लावलं अन् दार उघडं ठेवलं. एक एक करून आपणच आल्या. रंभाबाई पायरीवर बसून सगळं आयकत होत्या. उठताना म्हणतात, "मशीन खोटं कसं बोलंन वं?" तेच तोंड, तेच बोलणं, लाज कोठीच नाही. सुभद्रानं सगळं आयकून घेतलं. मंग म्हणे, "वैनी, चांगलं आलं. पण ठरलं ते ठरलं." मी म्हटलं, ठरलं तर ठरलं, बाई.

तवा रामटेकले सुरुवात तिनंच केली. गडाच्या पायऱ्या चढून आल्याबरोबर उभी राहिली, पाणी बी पेली नाही. पहिल्याच ओळीत आवाज फाटला. लोकं पाहून राहिले. मी टाळ धरून मागं होती, तुम्ही सांगतलं होतं ना, टाळ धरण्यात कमीपणा नाही म्हणून. मंग टाळ रंभाबाईच्या हाती देल्ले अन् दुसरी ओळ उचलली. इतके दिवस बंद होती, मलेच भेव होतं काय निंगते. निंगाला. सुभद्रानं आधी माह्याकडं पाह्यलं, मंग तिनंबी धरलं. एकीकडून ती, एकीकडून मी. खाली उतरताना म्हणे, "गळा आहे का भोंगा आहे, वैनी?" मी म्हटलं, "एक नाही वं, दोन आहेत. एक तुयाजवळ, एक माह्याजवळ."

तुमचे भाऊ गर्दीत उभे राहून डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणे धूळ गेली. या घरात माणसं खरं बोलाले मशीनच पाहिजे.

पंखा पुन्हा टेबलावर चढवावा लागला, उन्हाळा पाह्यल्यावर समजलं. एवढ्याशा टेबलावर देव, पंखा, मशीन अन् दोन पेट्या. देवाले जरा सरकवलं. तो बोलत नाही, त्याले जागा कमी लागते.

चंद्रकलाले सांगा, तो रुमाल जपून ठेव. मी तिले घालाले पेटी पाठवून राहिली. एक नाही, मृग बहाराच्या संत्र्याच्या दोन. लहानू आणंन. या बारीले शब्द गळू देत नाही, नीट वाचा: दोन्ही पेट्या तुमच्याच घरी उतरवा. एक टेबलाच्या इकडे ठेवा, एक टेबलाच्या तिकडे ठेवा. मधात तुम्ही बसा अन् कान लावून पाहा, कोणाचा आवाज येते का.

नाही आला तर गुळण्या करा.

गोपिका